कोलोरॅडोतली फर्नेस आणि सिडकोतला फोन

जावयाची ती गाडी मी प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही. पाहिली ती फोनवर, तीही बऱ्याचदा मध्ये आलेल्या कुत्र्याच्या शेपटीसकट. लेक-जावई अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतात. सुट्टी लागली की ट्रकमागे घरगाडी जोडतात आणि निघतात. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं आहे. आमच्या हिने पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा म्हणाली, ‘अहो, सिडकोतल्या आपल्या पहिल्या घराच्या ओट्यापेक्षा हिचा ओटा मोठा आहे.’ खोटं नव्हतं.

ह्या गाडीत थंडीसाठी एक फर्नेस असते. माझी सगळी नोकरी इथे नाशिकला, अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला गेली, त्यामुळे फर्नेस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हीट ट्रीटमेंटची भट्टी येते, साडेआठशे-नऊशे अंशांवर चालणारी. ही तशी नाही. ओट्याखाली बसणारा पत्र्याचा खोका. प्रोपेन गॅसवर जळतो आणि पंखा फिरवायला बारा व्होल्टची बॅटरी वापरतो. गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ही मंडळी कोलोरॅडोच्या डोंगरात गेली, ड्युरँगोहून सिल्व्हरटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रात्री पारा शून्याच्या बराच खाली. आपल्याकडे निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे पाच अंश म्हणजे दुपार.

आणि अशा थंडीत लेकीचा मेसेज: ‘बाबा, फर्नेस कधी चालते, कधी नाही. काय करू?’

‘कधी चालते, कधी नाही’ एवढ्या माहितीवर मी नोकरीत कधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही. ऑपरेटर तसं म्हणाला की त्याला तिथेच बसवून विचारायचो, कधी म्हणजे कधी? कुठल्या शिफ्टला? शेजारचं मशीन चालू असतं तेव्हा की बंद असतं तेव्हा? ऑपरेटर वैतागायचे. त्यांना वाटायचं, हा वेळ काढतोय. पण अधूनमधून येणारा बिघाड स्वतःचं टाइमटेबल पाळतो, आणि ते टाइमटेबल हाती लागलं की अर्धं काम संपतं. उरलेल्या अर्ध्या कामाला एक अट असते: मोजमाप बिघाड समोर हजर असतानाच घ्यायचं. बिघाड गेल्यावर घेतलेलं रीडिंग चांगल्या मशीनचं असतं, त्याचा काय उपयोग?

लेकीला तेच प्रश्न विचारले. उत्तरं अशी आली. रात्री झोपताना फर्नेस व्यवस्थित चालते, पहाटे चार-पाचच्या सुमाराला दगा देते. कॅम्पच्या जागेवर विजेचा प्लग असला तर एकदाही बिघडत नाही. प्लग नसलेल्या जंगलातल्या जागी बिघडते. डॅलसला घरासमोर उभी असताना कसलीच तक्रार नाही. आणि बिघडते तेव्हा पंखा फिरत असतो, फक्त हवा गार येते.

वसंतात एका सहलीला असंच झालं होतं म्हणून त्यांनी घरी परतल्यावर तिथल्या एका दुरुस्तीवाल्याला गाडी दाखवली होती. त्याने ती वर्कशॉपात घेतली, विजेला जोडली, फर्नेस लावली; चालली. तरी शंका नको म्हणून कंट्रोल बोर्ड बदलून दिला आणि बिल हातात ठेवलं. बिलाचा आकडा लेकीने मला सांगितला नाही, आईला सांगितला.

ह्या उत्तरांवरूनच माझा संशय एका बाजूला झुकला होता. पण संशय वेगळा आणि रीडिंग वेगळं. आधी फर्नेस काम कशी करते ते मलाच नीट समजून घ्यायचं होतं. जावयांनी तिच्या पुस्तिकेची पानं फोटो काढून पाठवली आणि एक अख्खी दुपार मी ती वाचत बसलो. वायरिंग डायग्राम जगात कुठेही गेलं तरी वाचता येतं, हे एक बरं आहे.

क्रम असा आहे. खोली किती गरम हवी ते ठरवणारा थर्मोस्टॅट उष्णता मागतो. बोर्ड आधी फक्त ब्लोअर चालू करतो. ह्या एकाच मोटरच्या शाफ्टवर दोन पंखे बसवलेले असतात. एक खोलीतली हवा फिरवतो, दुसरा बर्नरला जळण्यापुरती बाहेरची हवा पुरवतो आणि धूर बाहेर ढकलतो. खोलीच्या हवेच्या वाटेत पातळ पत्र्याची एक पट्टी लोंबत असते. हवेचा पुरेसा जोर आला की ती पट्टी ढकलली जाते आणि तिला जोडलेला मायक्रोस्विच लागतो. ह्याला सेल स्विच म्हणतात; हा सेल बॅटरीतला नव्हे, सेल म्हणजे शीड. त्याच्याच ओळीत लिमिट स्विच असतो. फर्नेस फाजील तापली तर तो सर्किट तोडतो आणि गार झाली की आपोआप जोडतो. दोन्ही स्विच लागलेले दिसले की पंधरा-सोळा सेकंद नुसती हवा मारून आत साठलेला गॅस असेल तर तो बाहेर घालवायचा, मग गॅस व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठिणग्या मारायच्या. ज्योत लागली हे बोर्डाला कळतं ते ज्योतीतून वाहणाऱ्या काही मायक्रोअँपिअर करंटवरून. सात-आठ सेकंदांत ज्योत दिसली नाही तर व्हॉल्व्ह बंद. पुष्कळ बोर्ड असे तीन प्रयत्न करतात आणि मग गप्प बसतात.

हा क्रम डोक्यात बसला की नुसत्या कानांनी निदान करता येतं, आणि आठेक हजार मैलांवरून माझ्याकडे कानच होते. ब्लोअर फिरतोय पण ठिणग्यांची टिकटिक ऐकूच येत नाही, तर गाडी सेल स्विच, लिमिट स्विच किंवा व्होल्टेजपाशी अडलीय. गॅसला दोष देण्यात अर्थ नाही. टिकटिक होते पण भडका नाही, तर गॅस, ठिणगी मारणारे इलेक्ट्रोड किंवा त्यांच्यातलं अंतर. भडका होतो आणि काही सेकंदांत विझतो, तर ज्योत पेटते पण बोर्डाला दिसत नाही. तिथे बहुतेक वेळा इलेक्ट्रोडवरची काजळी किंवा अर्थिंग निघतं. आणि चांगली पाच-दहा मिनिटं गरम हवा देऊन ज्योत जाते, ब्लोअर मात्र फिरतच राहतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटते, तर लिमिट स्विच उडतोय. मग हवेच्या नळ्या कुठे चेपल्यात का, जाळ्यांवर कोणी बॅग किंवा गालिचा टाकलाय का, ते पाहायचं. ह्या चारही तऱ्हांना घरातली माणसं ‘कधी चालते, कधी नाही’ असंच म्हणणार.

मग मी सांगितलं, पहाटे बिघडली की माझी झोप मोडेल म्हणून थांबू नका, लगेच रेकॉर्डिंग करा. कोलोरॅडोतले पहाटेचे पाच म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच, मी चहा घेऊन जागाच असतो. रेकॉर्डिंग आलं. ब्लोअर घरघरतोय. टिकटिक नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, हिलाही ऐकवलं. ती म्हणाली, ‘काल रात्रीच्या व्हिडिओत ह्याचा आवाज जरा चढा होता ना?’ स्वयंपाक करताना मिक्सरचा आवाज उतरला की लाईट डिम झालाय हे तिला कळतं, तो कान. रात्रीचा व्हिडिओ लावून पाहिला. खरंच, पहाटेचा सूर खाली होता. मोटर हळू फिरत होती.

गॅस बाद करायला तरी एक सोपी चाचणी करून घेतली. फर्नेस प्रयत्न करत असताना शेगडीचे सगळे बर्नर पेटवायला सांगितले. निळ्या ज्योती, जराही न लवता. इथे एक गोष्ट आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवावी. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. म्हणजे त्याखालच्या थंडीत त्याची वाफच नीट होत नाही. लडाख-स्पितीत लोक सिलिंडर कडेने शेकतात (शेकू नये, पण शेकतात) ते त्यामुळे. अमेरिकेत अशा गाड्यांमध्ये प्रोपेन असतं, ते उणे बेचाळीसला उकळतं. त्यामुळे तिथल्या त्या थंडीला गॅस दमला असण्याची शक्यता कमी होती आणि शेगडीनेही तेच सांगितलं.

आता मीटर. जावयांकडे साधा डिजिटल मल्टीमीटर होता.

‘बाबा, बॅटरीवर १२.४ दाखवतोय. चांगलं आहे की.’

‘फर्नेस बंद आहे ना? मग ते बॅटरीचं झालं. आता थर्मोस्टॅट वाढवा, ब्लोअर फिरू द्या, आणि मग मोजा. आधी बॅटरीवर, मग फर्नेसच्या प्लगपाशी, जिथे लाल-पांढरी वायर आत शिरते तिथे.’

बॅटरीवर १२.१. फर्नेसवर १०.३.

जावई गप्प झाले. सॉफ्टवेअरमधले आहेत, आकडा बोलतो हे त्यांना कळतं. वाटेत १.८ व्होल्ट कोणीतरी खाल्ले होते. आता कोणी, प्लसच्या वायरने की निगेटिव्हच्या, एवढंच शोधायचं. त्याची रीत मी नोकरीला लागलेल्या प्रत्येक पोराला शिकवली आहे. लोड चालू ठेवायचा, म्हणजे इथे ब्लोअर फिरता ठेवायचा, मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा फर्नेसच्या निगेटिव्हवर. दोन्ही एकच वायर, त्यामुळे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. प्रोबची वायर इतकी लांब नव्हती. बॅटरी गाडीच्या नाकाशी, फर्नेस मध्यावर. मग ट्रकमधली वीस फुटी जंपर केबल काढली आणि तिनेच प्रोब लांबवला. निगेटिव्हला १.५ व्होल्ट. तसंच प्लसच्या बाजूला ०.३. बेरीज १.८. हिशेब पैशाला पैसा जुळला, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतकं बरं मला क्वचित वाटलंय.

ब्लोअर सहा अँपिअर घेतो असं धरलं, तर दीड व्होल्ट म्हणजे त्या वायरीत कुठेतरी पाव ओहमचा अडथळा. पाव ओहम ऐकायला काहीच नाही. कन्टिन्युइटीची, म्हणजे वायर तुटलेली नाही एवढंच सांगणारी शिट्टी वाजवून पाहिली असती तर मीटरने खुशाल ‘पीप’ केलं असतं. म्हणूनच वायर तपासायला बझर पुरत नाही. सहा अँपिअर वाहतात तेव्हा तो पाव ओहम नऊ वॅट जाळतो, सांधा तापतो, आणखी काळा पडतो, अडथळा आणखी वाढतो. असला लूज कॉन्टॅक्ट कधीच स्वतःहून बरा होत नाही.

आता टाइमटेबल उलगडतं. प्लगला जोडलं की त्या विजेवरून बॅटरीची वीज करणारा गाडीतला कन्व्हर्टर साडेतेरा व्होल्टच्या आसपास देतो; त्यातून दीड-दोन गेले तरी ब्लोअरला पुरतं. म्हणून वर्कशॉपात बिघाड दिसलाच नाही, आणि तो दिसला नाही म्हणून बोर्डाचा बळी गेला. संध्याकाळी बॅटरी भरलेली असते, तेव्हाही निभावतं. रात्रभर दिवे, फ्रिजचं बोर्ड आणि खुद्द ब्लोअर मिळून ती उतरवतात. त्यात थंडी. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता गोठणबिंदूला वीसएक टक्क्यांनी कमी होते आणि उणे अठरापर्यंत निम्म्याच्या आसपास येते. पहाटे सगळं मिळून व्होल्टेज त्या रेषेवर येतं, जिथे सेल स्विच एकदा लागतो, एकदा लागत नाही.

डॅलसला मात्र का चालते? तिथेही बॅटरीवर लावून पाहिली होती म्हणे. ह्याचं उत्तर मला सर्वांत आवडलं. पट्टीवरचा हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. बाराच्या जागी १०.३ व्होल्ट म्हणजे वेग साधारण चौदा टक्क्यांनी कमी, पण जोर जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. ही मंडळी उतरली होती सुमारे २,७०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्यांचा ओटा कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार मीटर वर. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने पाव हिश्श्याने कमी असते. दोन्ही पाव एकमेकांवर चढले की पट्टीवरचा जोर निम्म्याला टेकतो. डॅलस समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तिथे ह्यातलं एकच पाव भोवतं.

मी हे सगळं व्हॉइस मेसेजमध्ये समजावलं. लेकीचं उत्तर आलं, ‘बाबा, छान आहे, पण इथे गोठलोय. करू काय?’ बरोबर होतं तिचं.

तात्पुरता उपाय तिथेच हाताशी होता. जंपर केबलची एक चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी फर्नेसच्या निगेटिव्हला. प्लसला कुठेही हात लावायचा नाही, गाडीचा विजेचा प्लग काढलेला आहे ह्याची खात्री करायची. हे दुसरं का, तर तिकडे ह्या गाड्यांत बारा व्होल्टची निगेटिव्हही पांढरी आणि १२० व्होल्ट एसीची न्यूट्रलही पांढरीच. झोपेत माणूस चुकीच्या पांढऱ्या वायरला हात घालायचा. चिमटी लागली आणि फोनवर मला ब्लोअरचा सूर चढलेला ऐकू आला, मग टिकटिक, मग ‘भप्प’. हिने इकडे टाळी वाजवली. त्या रात्री जंपर केबल बाहेरून खिडकीतून आत घेऊन झोपले म्हणे, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबून.

सांधा सापडला दुसऱ्या दिवशी उजेडात. शोधण्याआधी एक प्रश्न विचारून घेतला: ब्लोअर सुरू होताना पलंगापाशी दिवा मंद होतो का? नाही होत. म्हणजे बॅटरी ते चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा, निगेटिव्ह त्यातूनच परत येते) हा मोठा रस्ता ठीक, खोट फर्नेसच्याच गल्लीत. पांढरी वायर फर्नेसमागून जमिनीतून खाली उतरत होती आणि चासीच्या रंगावरच, हो, रंगावर, एका पत्र्याच्या स्क्रूने आवळलेली होती. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, हिरवट-काळं. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतात, ते खालून उडून बसतं. स्क्रू बोटांनी हलत होता. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाच कोणीतरी रंग न खरवडता तो मारला असणार. शिफ्ट संपत आली की माणसं असं करतात, मी पुष्कळ पाहिलीत.

रंग खरवडून चकचकीत लोखंड, नवं थिंबल, दातेरी वॉशर, नटबोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. वायर बारीक होती तीही बदलून आपल्या भाषेत सहा एमएमची टाकली. लोडवर फर्नेसचं व्होल्टेज ११.८. पहाटेही.

हे सगळं चालू असताना आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गॅस गीझर रुसला. डिसेंबर लागला की नाशिकमध्ये प्रत्येक सोसायटीत एक तरी गीझर रुसतो. त्यांच्या मुलाने एमजी रोडवरून नवे सेल आणून टाकले. गीझर सकाळी लवकर पेटतो, आठला पेटत नाही. मी वर गेलो आणि काकूंना तोच प्रश्न केला, आठला बिल्डिंगमध्ये काय होतं? आठला सगळ्यांच्या अंघोळी. काकूंचा मजला टाकीच्या अगदी खाली, आधीच प्रेशर कमी, त्यात सगळे नळ चालू. गॅस गीझरमध्येही हीच खुबी असते: पाण्याच्या जोराने आतला पडदा ढकलला जातो, तो मायक्रोस्विच दाबतो, मगच ठिणगी आणि गॅस. तिथे वारा, इथे पाणी. इनलेटची जाळी काढली तर क्षारांनी बुजलेली. साफ करून लावली, आठलाही पेटू लागला. काकूंनी साबुदाण्याच्या पापड्या दिल्या. जावयांना हे कळवलं तर म्हणाले, मग आता आम्ही काय द्यायचं.

काकूंच्या मुलाचा एक विचार मात्र मी तिथल्या तिथे मोडून काढला. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता की तो स्विच वायरने कायमचा जोडून टाकला की कटकट संपते. फर्नेसचे असलेच व्हिडिओ जावयांनीही पाहिले होते: सेल स्विच जोडून टाका, लिमिट स्विच जोडून टाका. चाचणीपुरतं, डोळ्यांसमोर, काही सेकंद जोडून पाहणं वेगळं. जोडून ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्लोअर मंद असताना फक्त खोलीची हवा मंद नसते. त्याच शाफ्टवर बर्नरला हवा देणारा पंखा आहे. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी, काजळी, आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गीझरने बंद बाथरूममध्ये माणसं जातात त्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, कारण तेच. फर्नेस पेटत नव्हती तेव्हा तो सेल स्विच त्याचं काम चोख करत होता. काकूंकडे मी खिडकीची वरची काच काढून कायमची जाळी लावून घेतली आणि लेकीला गाडीतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मची मागची बाजू वाचून दाखवायला लावली. ह्या अलार्मचा सेन्सर ठराविक वर्षांनी संपतो, मुदत मागे छापलेली असते. त्यांचा संपून गेलेला होता. नवा आला.

डॅलसला परतल्यावर मी जावयांना सेल स्विच काढून पाहायला सांगितलं. व्होल्टेज सुधारलं म्हणजे पट्टीला सूट मिळाली असं नाही. फोटो आला तर पट्टीच्या बिजागरीत केसांचा पुंजका, कुत्र्याचा, ज्याची शेपटी मला पाठ झालीय. पट्टी हलत होती, पण जड. ब्रशने साफ केली, तेल घातलं नाही. तेलावर धूळ बसते. धुराच्या बाहेरच्या नळीत मातीचं एक छोटं घरटं निघालं. कुंभारीण माशी तिकडेही आहे आणि तिलाही अशीच भोकं आवडतात. रिकामं होतं. जावई तिथे बारीक जाळी लावणार होते. मी म्हटलं, आधी पुस्तिका वाचा, बारीक जाळीने धुराची वाटच अडते. त्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीला टॉर्च मारून बघायचं.

आता त्यांना जुन्या बॅटरीच्या जागी लिथियमची घ्यायची आहे. त्याला माझी हरकत नाही. ती लोडवर व्होल्टेज फार उतरू देत नाही, शेवटापर्यंत तेरा-साडेबाराच्या आसपास राहते, ब्लोअर खूश राहील. मात्र शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं, सेल खराब होतात. म्हणजे तिला गाडीच्या नाकावर उघड्यावर न ठेवता आत घ्यावी लागेल, किंवा आत हीटर असलेली घ्यावी लागेल. आणि त्याआधी गाडीतले बाकीचे सांधे. तो एक स्क्रू ज्याने रंगावर मारला त्याने उरलेले काय देवाला साक्ष ठेवून मारलेत? प्रत्येक निगेटिव्ह लोडवर मोजून यादी करा, म्हटलं. यादी आली आहे, आणखी दोन ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या वर आहे.

थिंबल मागवलीत. जावयांनी हळूच विचारलं, ‘बाबा, मार्चमध्ये येऊ तेव्हा तुमचा तो जुना क्रिम्पिंग टूल नेऊ का?’ नाही. तो कंपनीतला पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे, अजून कधी दगा दिलेला नाही, आणि तो सिडकोतच राहील. तुम्ही तिकडे नवा घ्या.